चार्ल्स बॉक्सर यांचे कागद : गुप्तवार्ता अधिकारी, ग्रंथसंग्राहक आणि सुरतेच्या समुद्राचा इतिहास

सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय ज्या इमारतीत आहे ती मुघलसराई शाहजहानच्या कारकिर्दीत, इ. स. १६४४ मध्ये, बांधली गेली. हजला निघालेले यात्रेकरू तेथे उतरत, म्हणून तिला मुसाफिरखाना असेही म्हणत. पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठीभाषक कुटुंबे राहतात. त्यांत मुसलमान कुटुंबेही आहेत. या कुटुंबांतील मुले कपड्याच्या मिलांच्या सावलीत शिकून महाविद्यालयात येतात. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात सुरत येते ती बहुधा १६६४ आणि १६७० या दोन सालांपुरती. त्या शहराला 'बंदर-ए-मुबारक' का म्हणत, मक्केला जाणारी जहाजे कोणाच्या परवानगीने निघत, ती कोण अडवीत, या प्रश्नांपर्यंत वर्ग क्वचितच पोहोचतो.

या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने एका ठिकाणी नाहीत. फारसी तवारिखांत काही आहे, इंग्रज आणि डच वखारींच्या पत्रांत काही आहे. फार मोठा भाग पोर्तुगीज कागदांत आहे. हे कागद पणजी व लिस्बन येथे आहेत आणि त्यांच्याशी संबंधित दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते व पत्रव्यवहार यांचा एक महत्त्वाचा संग्रह अमेरिकेत आहे. इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन येथील लिली लायब्ररीत तो ठेवलेला असून तो एकाच व्यक्तीने जमविलेला आहे. त्या व्यक्तीचे नाव चार्ल्स राल्फ बॉक्सर. पेशाने ते ब्रिटिश लष्करातील गुप्तवार्ता अधिकारी होते आणि वृत्तीने ग्रंथसंग्राहक. पुढे ते पोर्तुगीज साम्राज्याचे विसाव्या शतकातील सर्वांत मोठे इतिहासकार मानले गेले. विद्यापीठाची एकही पदवी त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण करून घेतलेली नव्हती, ही गोष्ट अध्यापकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सैनिक आणि ग्रंथवेडा

बॉक्सर यांचा जन्म १९०४ सालचा. वडील लष्करात होते आणि १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले. मुलगा सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातून १९२४ मध्ये लिंकनशायर रेजिमेंटमध्ये दाखल झाला. तरुण वयातच त्याला पूर्वेकडील पोर्तुगीज व डच इतिहासाचा नाद लागला आणि पगारातून जुनी पुस्तके विकत घेण्याचा क्रम सुरू झाला. १९३० ते १९३३ या काळात ते भाषा-अधिकारी म्हणून जपानमध्ये होते. तेथे जपानी सैन्याच्या एका पायदळ पलटणीबरोबर राहून ते भाषा शिकले आणि दुभाष्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९३६ मध्ये त्यांची नेमणूक हाँगकाँगला गुप्तवार्ता विभागात झाली. जपानी फौजांच्या हालचालींवर लक्ष ठेवणे, वर्तमानपत्रे वाचणे, माणसांशी बोलणे आणि आलेली प्रत्येक बातमी दुसऱ्या बातमीशी ताडून पाहणे हे त्यांचे काम होते.

त्याच वेळी शेजारच्या मकावमध्ये त्यांची दुसरी दुनिया उभी राहत होती. १९३७ मध्ये 'बिब्लिओथेका बॉक्सेरियाना' या नावाने त्यांच्या ग्रंथसंग्रहाची छापील सूची मकाव येथे निघाली. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे कॅप्टन होते. आपल्याकडे खासगी ग्रंथसंग्रहाची सूची संग्राहकाच्या हयातीत क्वचितच होते. माणूस गेल्यावर वारस रद्दीचा भाव विचारतात, तोपर्यंत आत काय होते हे कोणालाच ठाऊक नसते. बॉक्सर यांनी सूची वेळेवर केली आणि पुढे चारच वर्षांनी तिचे महत्त्व कळले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँगवर हल्ला केला. २० डिसेंबरला बॉक्सर गोळी लागून गंभीर जखमी झाले आणि त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. २५ डिसेंबरला शहर पडले आणि ते युद्धकैदी झाले. १९४३ मध्ये छावणीतील चोरट्या रेडिओच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. त्या सुमारास बाहेरच्या लोकांशी गुप्त संधान ठेवल्याबद्दल त्यांच्या काही सहकारी अधिकाऱ्यांना देहदंड दिला गेला. बॉक्सर यांना कैदेची शिक्षा झाली आणि युद्ध संपेपर्यंतचा काळ त्यांनी कँटनच्या तुरुंगात काढला. दरम्यान त्यांची पुस्तके जपान्यांनी जप्त करून टोकियोला नेली होती. १९४६ मध्ये ते दोस्तराष्ट्रांच्या आयोगाबरोबर जपानला गेले, तेव्हा उएनो येथील शाही ग्रंथालयात त्यांना आपली पुस्तके सापडली आणि बहुतेक परत मिळाली.

१९४७ मध्ये मेजर बॉक्सर लष्कर सोडून लंडनच्या किंग्ज कॉलेजात पोर्तुगीजच्या कॅमोंइश अध्यासनावर प्राध्यापक झाले. मधली दोन वर्षे त्याच शहरातील प्राच्यविद्या संस्थेत काढून ते पुन्हा त्या अध्यासनावर आले आणि १९६७ पर्यंत तेथे राहिले. पुस्तके, लेख, परीक्षणे धरून त्यांचे प्रकाशित लेखन तीनशेहून अधिक भरते. १९६५ मध्ये त्यांचा संग्रह इंडियाना विद्यापीठाने विकत घेतला. त्यांच्या पत्नी, अमेरिकन लेखिका एमिली हान, यांचे कागदही आज लिली लायब्ररीतच आहेत. हान यांनी १९४४ मध्ये, बॉक्सर अजून कैदेत असतानाच, हाँगकाँगच्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने छापली होती. त्यामुळे दोघांचे कागद एकमेकांसमोर ठेवून वाचण्याची सोय तेथे झाली आहे.

गोव्याचे दफ्तर आणि दोन अरबी शब्द

मराठी अभ्यासकाला बॉक्सर भेटतात ते गोव्याच्या वाटेने. १९५२ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी गोव्यातील पुराभिलेखागाराची ओळख करून देणारा एक मोठा लेख छापला. हे दफ्तर जुने आहे. १५९५ मध्ये इतिहासकार दियोगो दो कौतो याची त्याचा पहिला रक्षक म्हणून नेमणूक झाली होती. बॉक्सर यांनी ते पाहिले त्या काळात त्याचे प्रमुख होते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. मराठी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांवर प्रभुत्व असलेल्या या गोमंतकीय विद्वानाने दफ्तराची मार्गदर्शिका तयार केली, राज्यमंडळाचे ठराव १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत छापले आणि पुढे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ लिहिला. तो १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. बॉक्सर यांचे नाव जगभर झाले, पिसुर्लेकरांचे महाराष्ट्रातही पुरेसे झाले नाही. गोव्याच्या कागदांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याखाली मात्र पिसुर्लेकरांचाच पाट आहे.

या दफ्तरातील सर्वांत प्रसिद्ध मालिकेचे नाव 'मोन्सोंइस दो रैनो', म्हणजे दरवर्षीच्या मोसमी वाऱ्याबरोबर लिस्बनहून येणाऱ्या व तिकडे जाणाऱ्या पत्रांच्या वह्या. 'मोन्सांव' हा पोर्तुगीज शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. उर्दूतला आपला 'मौसम' आणि मराठीतला 'मोसम' हे त्याचेच भाऊबंद. दुसरी मालिका शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची. तिच्यात आदिलशाही, मुघल आणि मराठे सगळेच भेटतात. शिवाय समुद्री परवान्यांच्या वह्या आहेत. या परवान्याला पोर्तुगीज 'कार्ताझ' म्हणत आणि तो शब्दही अरबी 'किर्तास', म्हणजे कागद, यावरून आल्याचे मानले जाते. अरबांच्या समुद्रावर अरबांचाच शब्द घेऊन पोर्तुगीजांनी त्यांच्याच जहाजांना परवाने विकले, यातला विपर्यास उर्दू शिकविणाऱ्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कार्ताझ नेमका कसा चाले हे वर्गात सांगण्याजोगे आहे. जहाजाच्या मालकाने पोर्तुगीज ठाण्यावर जाऊन परवाना घ्यायचा. त्यात जहाजाचे नाव, आकार, नाखुदा, शस्त्रे आणि ते कोठून कोठे जाणार हे लिहिलेले असे. काही माल नेण्यास आणि तुर्कांना नेण्यास मनाई असे. शिवाय ठरलेल्या पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरावी लागे. परवाना नसला, किंवा त्यातील अटी मोडल्या असे पोर्तुगीज कप्तानाला वाटले, तर जहाज मालासकट जप्त होई. परवान्याची फी थोडी असे, खरा पैसा जकातीत होता.

अकबराच्या घराण्यालाही यातून सूट नव्हती. बाबराची कन्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजसाठी निघाली, तेव्हा परवान्याच्या अडचणीमुळे शाही स्त्रियांचा तो काफिला सुरतेत बरेच महिने अडकून पडला. बदायुनीने त्या काळातील एक फतवा नोंदविला आहे. मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांचे म्हणणे असे होते की, खुष्कीचा मार्ग शिया मुलखातून जातो आणि समुद्राच्या मार्गावर मरियम व ईसा यांची चित्रे असलेला फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो, म्हणून हिंदुस्थानातील मुसलमानांवर हज फर्ज राहिलेला नाही. बदायुनीला मखदूम-उल-मुल्क यांच्याविषयी आदर नव्हता, हे लक्षात ठेवूनच तो उतारा वाचावा. तरीही परवान्याचा एक कागद फिकहच्या चर्चेपर्यंत पोहोचला ही गोष्ट उरतेच. पुढे १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज परवाना असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. त्यावर जहांगीरने दमणला वेढा घातला आणि आग्र्यातील जेझुइटांचे चर्च बंद केले.

आचेचा अहवाल

१९४० मध्ये लंडनमधील हॉलंड हाऊस या वाड्यावर बॉम्ब पडले आणि तेथील ग्रंथालयाची मोठी हानी झाली. वाचलेल्या ग्रंथांची १९४७ मध्ये विक्री झाली, तीत बॉक्सर यांनी १५९० च्या सुमारास मनिला येथे तयार झालेले एक हस्तलिखित घेतले. आज ते 'बॉक्सर कोडेक्स' या नावाने ओळखले जाते. त्यात फिलिपाइन्स, ब्रुनेई, जावा, चीन येथील लोकांची सुमारे पाऊणशे रंगीत चित्रे आहेत. चर्चा बहुधा या चित्रांचीच होते. सुरतेच्या वाचकाने मात्र चित्रे उलटून त्यातील आचेविषयीच्या प्रकरणाकडे यावे.

ते प्रकरण म्हणजे मलाक्काचा बिशप जुआंव रिबेरो गायो याने १५८४ च्या सुमारास स्पेन-पोर्तुगालच्या राजासाठी लिहिलेला अहवाल. सुमात्रा बेटावरील आचेच्या सल्तनतीचे बंदर, तटबंदी, तोफा, वस्ती, उतरण्याच्या जागा हे सारे त्यात तपशीलवार सांगितले आहे, कारण आचे जिंकून घ्यावे अशी बिशपची सूचना होती. माहिती पुरविणारा दियोगो जिल हा पोर्तुगीज काही काळ आचेत कैद होता. एका कैद्याने पाहिलेले शहर, एका धर्मगुरूने लिहिलेला लष्करी अहवाल, आणि साडेतीन शतकांनी तो विकत घेणारा, स्वतः कैद भोगून आलेला गुप्तवार्ता अधिकारी. बॉक्सर यांना हा अहवाल कोणत्या जातीचा कागद आहे हे सांगावे लागले नसेल. असे कागद लिहिणे हेच त्यांचे जुने काम होते.

बिशपला आचेची इतकी धास्ती का होती, याचा उलगडा बॉक्सर यांच्या १९६९ च्या एका लेखात होतो. तांबड्या समुद्रामार्गे चालणाऱ्या मसाल्याच्या व्यापाराचे पुनरुज्जीवन, आचेचा उदय आणि त्यावरील पोर्तुगीज प्रतिक्रिया हा त्याचा विषय. वास्को द गामा आल्यावर मुसलमानांचा समुद्री व्यापार संपला, असे शालेय पुस्तकांतून अजूनही ध्वनित होते. बॉक्सर यांनी खुद्द पोर्तुगीजांच्या तक्रारींवरून उलट चित्र उभे केले. १५४० नंतर आचे आणि गुजरातचे व्यापारी मिरी व मसाले थेट तांबड्या समुद्राकडे नेऊ लागले. शतकाच्या अखेरीस जिद्द्याला पोहोचणारा हा माल आशेच्या भूशिरावरून लिस्बनला जाणाऱ्या मालाच्या तोडीचा झाला होता. आचेच्या सुलतानाने १५६० च्या दशकात इस्तंबूलला वकील पाठविले. उस्मानी दरबाराने आरमार पाठविण्याचे ठरविले, पण यमनमधील बंडाने ते तिकडे वळले. गोव्याहून आरमार पाठवून ही वाहतूक तोडण्याचे पोर्तुगीजांचे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर फसले.

ही आचे-सुरत वाट मालापुरती नव्हती. सुरतेसमोर, तापीच्या पलीकडे असलेल्या रांदेर गावचे आलिम नूरुद्दीन रानिरी १६३७ मध्ये आचेला गेले, सुलतान इस्कंदर सानी यांच्या दरबारात त्यांना शेख-उल-इस्लामचे स्थान मिळाले, आणि मलय भाषेत ग्रंथरचना करून ते १६४४ मध्ये रांदेरला परतले. त्याच वर्षी पैलतीरावर मुघलसराई पुरी होत होती. पोर्तुगीजांनी १५३० मध्ये सुरत व रांदेर जाळले होते. शंभर वर्षांनी त्याच रांदेरचा मनुष्य समुद्रापलीकडच्या सल्तनतीचा धर्मगुरू होतो, हा धागा पोर्तुगीज कागदांत मिळणार नाही. तो मलय आणि अरबी ग्रंथांतूनच जोडावा लागतो. बॉक्सर यांच्या कामाची मर्यादाही येथेच आहे. त्यांच्या लेखनाचा पाया पोर्तुगीज व डच साधनांचा आहे. आचेचा किंवा सुरतेचा व्यापारी त्यांच्याकडे दिसतो तो बहुधा त्याचा पाठलाग करणाऱ्याच्या नजरेतून. पाठलाग करणारा अनेकदा बारकाईने पाहतो, हे मान्य करूनही ही उणीव मोठी आहे आणि ती फारसी, अरबी, मोडी वाचणाऱ्यांनीच भरून काढायची आहे.

दोन आरोप

बॉक्सर यांच्यावर दोनदा गंभीर आरोप झाले. पहिला हयातीत. १९६२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी पोर्तुगीज साम्राज्यातील वंशसंबंध या विषयावर व्याख्याने दिली आणि ती १९६३ मध्ये ऑक्सफर्डहून पुस्तकरूपाने निघाली. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आपल्या वसाहतींत वर्णभेद कधीच नव्हता असे जगाला सांगत होता. आफ्रिकेतील युद्धाचे समर्थनही त्यावरच उभे होते. बॉक्सर यांनी दफ्तरातील कागद मांडून हा दावा खोटा ठरविला. गोव्यातील देशी ख्रिस्ती धर्मगुरूंना धार्मिक संघांचे दरवाजे किती काळ बंद होते, हे त्यांनी दाखविले. त्यांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्या मातेउस द कास्त्रो या गोमंतकीय ब्राह्मण ख्रिस्ती धर्मगुरूची कथा आपल्या वाचकांना विशेष वाटावी. १६३७ मध्ये रोममध्ये बिशपपद मिळूनही गोव्याच्या आर्चबिशपने ते मानले नाही. तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो आदिलशाही मुलखातील डिचोलीत. या पुस्तकावरून पोर्तुगालमध्ये बॉक्सर यांच्यावर टीकेची झोड उठली. आर्मांदो कोर्तेझांव या नामवंत इतिहासकाराने, जो त्यांचा जुना स्नेही होता, वर्तमानपत्रातून त्यांच्यावर हल्ला चढविला. बॉक्सर यांनी निष्कर्ष मागे घेतले नाहीत.

दुसरा आरोप मृत्यूनंतरचा. एप्रिल २००० मध्ये बॉक्सर वारले. फेब्रुवारी २००१ मध्ये लंडनच्या एका मोठ्या दैनिकात लेख आला की, हाँगकाँगच्या कैदेत या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने जपान्यांना सहकार्य केले होते. जपानी भाषा, जपानी मित्र आणि जपानी अधिकाऱ्यांशी सभ्यतेचे वर्तन एवढ्यावरून संशयाला जागा मिळते हे खरे. ब्राझीलच्या इतिहासाचे अभ्यासक केनेथ मॅक्सवेल यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. चरित्रकार डॉरिल आल्डन यांचा बॉक्सर-चरित्राचा मोठा ग्रंथही त्याच वर्षी लिस्बनहून निघाला. रेडिओ प्रकरणातील शिक्षा, तुरुंगवास, सहकैद्यांच्या साक्षी यांच्यासमोर तो आरोप टिकला नाही.

यात अध्यापकांनी पाहण्याची गोष्ट अशी की, हा वाद केवळ बॉक्सर यांच्या कागदांवर सुटला नसता. माणूस आपले कागद स्वतः निवडतो, लावतो, काही फाडतोही. गुप्तवार्ता खात्यातला माणूस तर अधिकच. बिशप गायोचा अहवाल जसा एकटा वाचून चालत नाही, तसाच बॉक्सर यांचा पत्रव्यवहारही. ज्यांना त्यांच्याविषयी काही मिळवायचे नव्हते, त्यांची साक्ष येथे निर्णायक ठरली. हदीसच्या अभ्यासात रावीची पारख करण्याची जी शिस्त आहे, ती जाणणाऱ्याला हा विचार परका नाही. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि त्याचे हितसंबंध कोणाशी, हेच प्रश्न येथेही विचारायचे आहेत.

बॉक्सर कोडेक्स लिली लायब्ररीने संगणकावर पाहण्यासाठी खुला केला आहे. त्याचा इंग्रजी अनुवादही सौझा आणि टर्ली या अभ्यासकांनी अलीकडेच संपादित केला आहे. पांडेसऱ्यासारख्या वस्तीतील महाविद्यालयात तास घ्यायचा झाल्यास आचेचे एक पान, कार्ताझच्या अटी आणि बदायुनीचा तो उतारा, असे तीन कागद पुरे आहेत. विद्यार्थ्यांना प्रथम कोणता कागद कोणी कोणासाठी लिहिला एवढेच विचारावे. मग त्यांना चौक बाजारातील किल्ल्यावर न्यावे. सोळाव्या शतकाच्या मध्यास खुदावंद खान याने तो बांधला तो पोर्तुगीजांच्या भीतीने. किल्ल्याच्या पायऱ्यांवरून तापी दिसते आणि पलीकडच्या तीरावर रांदेर.